रिसेल फ्लॅट घेताय? टोकन देण्याआधी घराची तपासणी कशी करून घ्यायची?

साठ-सत्तर हजारांची सेकंडहँड बाईक घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. साठ-सत्तर लाखांचा जुना फ्लॅट मात्र एजंटसोबत पंधरा मिनिटं फिरून पसंत केला जातो. ब्रिटनमध्ये जुनं घर घेण्याआधी सर्व्हेयरकडून आणि अमेरिकेत होम इन्स्पेक्टरकडून तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे फार तर वकिलाकडून कागद तपासले जातात, भिंती कोणी तपासत नाही.

दोष नंतर सापडला तर मालक जबाबदार नाही का?

इथेच अनेकांची फसगत होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने खरेदीदाराला सांगायला हवा. पण हे बंधन कोणत्या दोषाला लागू आहे? जो विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात आला नसता, अशाच दोषाला. छतावर ओलीचा डाग स्पष्ट दिसत असेल आणि तुम्ही वर पाहिलंच नसेल, तर नंतर तक्रार टिकणं अवघड.

रेराचं काय? ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, असं रेरा कायद्याचं कलम 14 सांगतं. पंधरा-वीस वर्षं जुन्या इमारतीत या तरतुदीचा उपयोग नाही.

स्वतः काय पाहायचं?

घर दिवसा पाहा. जमल्यास पावसाळ्यात, आणि तेही रिकामं नसताना. मोठं कपाट नेमकं कोणत्या भिंतीला लावलंय, हे पाहण्यासारखं असतं.

सगळ्यात जास्त वेळ ओलीसाठी द्या. बाथरूमच्या पलीकडची भिंत, खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखालचं छत या तीन जागी पोपडे, पांढरा क्षार किंवा पिवळट डाग शोधा. अख्ख्या घराला जुना रंग आणि एकाच भिंतीला नवा, असं असेल तर कारण विचारा. फॉल्स सीलिंग असेल तर लाइटचा एखादा पॅनल काढून आत टॉर्च मारून बघा. विक्रेता नाही म्हणाला, तर ते नाही म्हणणंही लक्षात ठेवा.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचलं तर फरशीचा उतार चुकलाय. फरशीवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलाय.

प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगांना घाबरायचं कारण नाही. मात्र कॉलम किंवा बीमवर उभा-आडवा तडा, फुगलेलं काँक्रीट, तांबूस गंजाचे ओघळ किंवा उघड्या सळया दिसल्या तर प्रकरण गंभीर आहे. आतली सळई गंजली की फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. हे पार्किंगमध्ये आणि जिन्यातही पाहा, कारण फ्लॅटमध्ये रंगाखाली झाकलेलं तिथे उघडं असतं. हॉल मोठा करायला आधीच्या मालकाने एखादी भिंत पाडली आहे का, हेही मूळ नकाशाशी ताडून बघा.

विजेच्या बोर्डात ईएलसीबी किंवा आरसीसीबी आहे का आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर वीज जाते का, ते तपासा.

सोसायटीकडे काय मागायचं?

स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर 3 वर्षांनी ऑडिट करायचं असतं. मुंबईत इमारतीला सी-1 शेरा मिळाला असेल, तर ती अतिधोकादायक आहे आणि रिकामी करावी लागते. सोबत गेल्या दोन-तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त वाचा. गळतीची भांडणं आणि मोठ्या दुरुस्तीसाठी येऊ घातलेली वर्गणी एजंट सांगणार नाही, इतिवृत्तात मात्र ती सापडते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मूळ प्रतीत पाहा.

तज्ज्ञ कधी बोलवायचा?

इमारत जुनी असेल किंवा वरच्यापैकी काहीही खटकलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीतून न फोडता काँक्रीटच्या दर्जाचा अंदाज येतो. इंजिनिअर तुम्हीच निवडा, विक्रेत्याने किंवा एजंटने सुचवलेला नको. आणि त्याच्याकडून लेखी रिपोर्ट घ्या, कारण भाव कमी करायला तोच कामी येतो.

टोकन आधीच द्यावं लागत असेल, तर पावतीवर लिहून घ्या: तपासणीत बांधकामाचा गंभीर दोष निघाल्यास पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. ‘दिवस’ या शब्दाआधी आकडा हवाच.