अठरा कचेरीतील उमेदवार

इ. स. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बेंगळुरू आदिलशाहीच्या ताब्यात येऊन शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले, तेव्हा त्यांच्या घोडदळामागून कागदांचे रुमाल घेऊन जे कारकून या पठारावर उतरले, त्यांची विचारपूस इतिहासाने फारशी केलेली नाही. १६८७ साली शहाजीपुत्र एकोजीराजांच्या हातून निसटलेले हे शहर मोगलांकडून तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी घेतले. दौलत गेली, पण दफ्तर राहिले. पुढे हैदरअलीच्या अमदानीतही म्हैसूरचा वसुली हिशेब कानडीबरोबर मराठीत ठेवला जाई.

या परंपरेचा शिरोमणी म्हणजे दिवाण पूर्णय्या. १७४६ साली देशस्थ माध्व घराण्यात जन्मलेल्या आणि बालपणीच पितृछत्र हरपलेल्या या मुलाने उदरनिर्वाहासाठी एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबनिशी पत्करली, आणि लष्कराला रसद पुरविणाऱ्या दुसऱ्या सावकाराच्या कामातून तो हैदरच्या नजरेस आला. हैदर स्वतः निरक्षर. आकडे ऐकून स्मरणात ठेवणाऱ्या अशा धन्यापुढे रोजकीर्द वाचताना तरुण कारकुनाची जीभ अडखळून चालत नसे. १७८२ च्या डिसेंबरात छावणीतच हैदर निवर्तला, तेव्हा टिपू येऊन पोहोचेपर्यंत ती वार्ता गुप्त राखणाऱ्या विश्वासू अधिकाऱ्यांत पूर्णय्या होते. पेढीवरच्या चोपडीत मुरलेली निष्ठा राज्यावरील संकटात अशी उपयोगी पडली.

ही निष्ठा नियमाच्या धाकाने आलेली नव्हती, असे मी म्हणतो त्याला कारण आहे. त्या काळी कानडी हिशेब बहुधा ‘कडत’ नावाच्या वहीत लिहीत: चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड चोपडून काळे केलेले कापड घडीघडीने दुमडायचे आणि त्यावर शंखजिऱ्याच्या कांडीने पांढरी अक्षरे काढायची. फडक्याने पुसली की अक्षरे जात, नवी लिहिता येत. ज्या वहीतील रक्कम एका हातासरशी नाहीशी करता येते, तिच्यावर सरकारने आणि सावकारांनी विसंबून राहावे, यात लिहिणाऱ्या हाताची केवढी पत गृहीत धरलेली आहे! ती पत शिकविली जाई ती वडीलधाऱ्या कारकुनाच्या मांडीशेजारी बसून, रोजकीर्दीवरून खतावणी उतरवीत, ताळा जमेना तर दिवा लावून पुन्हा पहिल्या रकमेपासून आरंभ करीत.

१८३१ साली कंपनी सरकारने म्हैसूरचा कारभार हाती घेऊन ठाणे बेंगळुरास आणले आणि किल्ल्यातील टिपूच्या लाकडी महालात कचेऱ्या थाटल्या. कमिशनर मार्क कबन यांच्या कारकिर्दीतही कानडीसोबत मराठीचा रिवाज चालू होता. १८६८ मध्ये लाल रंगाची प्रशस्त ‘अठरा कचेरी’, म्हणजे आजचे उच्च न्यायालय, उभी राहिली, आणि इंग्रजीच्या वाढत्या अमलात मराठीच्या मोडी लिपीचे महत्त्व ओसरत गेले.

परंतु या व्यवस्थेची काळी बाजू झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. त्या काळच्या कचेऱ्यांतून उमेदवार वर्षानुवर्षे बिनपगारी राबत. जागा रिकामी होईल या आशेवर जगणाऱ्या त्या तरुणापुढे रयतेकडून चार पैसे घेण्यावाचून मार्ग काय होता? ज्याच्या पोटाची तजवीज केलेली नाही, त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करणे हा धन्याचाच अन्याय होय. कारकुनाच्या लाचखोरीवर पुष्कळ लिहिले गेले. त्याला उपाशी ठेवणाऱ्या सरकारवर त्या मानाने थोडेच.

१९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालाचा व्यवसाय बांधेसूद झाला, तरी उमेदवारी सुटली नाही. तिला आर्टिकलशिप हे नाव मिळाले आणि विद्यावेतनाचा नियम आला. बेंगळुरूच्या लेखापरीक्षण कचेऱ्यांतून आज शेकडो मुलेमुली ती करीत आहेत. २०२३ च्या नव्या योजनेने तिची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली आहे. दोन वर्षे थोडी आहेत. म्हणून ज्यांच्या हाती सनद आहे, त्यांनी या मुलांना केवळ पावत्या जुळविण्यास बसवू नये. एखाद्या ताळेबंदावर सही करण्यास आपण का नकार दिला, हे त्यांना शेजारी बसवून सांगावे, आणि विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला द्यावे.