वेळापत्रकाबाहेरचे आकाश

यवतमाळजवळच्या भारी येथील जवाहरलाल दर्डा विमानतळावर एखादे छोटे विमान उतरले, की गावात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘कोण आले?’ मंत्री, उद्योगपती, सिनेनट, जे कोणी असेल त्याचे नाव संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. ‘कोणी आणले?’ हा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला या दुसऱ्या प्रश्नाचीच ओढ अधिक. आज बोलायचे आहे ते या आणणाऱ्यांविषयी.

अशा विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेला कॅप्टन बरेचदा प्रवासी विमान कंपनीतून आलेला असतो. दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांचे बोइंग किंवा एअरबस त्याने वर्षानुवर्षे चालवलेले असते. आता त्याच्या मागे सहा-आठ जण बसतात. ही बढती म्हणायची की उतरण? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. खासगी विमान कंपनी वेगळी आणि खासगी विमान वेगळे. आपली शकुंतला आठवा. यवतमाळ-मूर्तिजापूर हा रेल्वेमार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा होता. पण गाडीला वेळापत्रक होते आणि तिकीट काढणारा कोणीही तिच्यात बसू शकत होता. खासगी विमानाला वेळापत्रक नसते. मालक किंवा भाडे भरणारा सांगेल तेव्हा ते निघते आणि सांगेल तिकडे जाते. वैमानिकाच्या आयुष्यात सगळा फरक पडतो तो इथेच.

गंमत अशी, की आपल्याकडे विमानविद्येची सुरुवातच हौशी आणि फिरत्या वैमानिकांनी केली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला, तो हौशी उड्डाणासाठी. त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले. गावोगावी विमान नेऊन लोकांना पैसे घेऊन आकाशात फिरवून आणायचे, हा त्यांचा व्यवसाय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले आणि व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. मर्जीने उडणारी दोन माणसे त्या दिवशी वेळापत्रकाला बांधली गेली. पाऊस असो की ऊन, टपाल ठरल्या वेळी पोचले पाहिजे, ही शिस्त तिथून सुरू झाली.

या शिस्तीचे एक केंद्र पुढे आपल्या विदर्भात आले. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परत जात. यवतमाळपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर देशाचे टपाल रोज रात्री हात बदलत होते!

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत सेवा देणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली आणि परदेशी मार्ग एअर इंडियाकडे आले. पुढची जवळपास चाळीस वर्षे प्रवासी विमान चालवायचे तर मुख्यतः हेच दोन दरवाजे. बाहेर उरले ते फ्लाइंग क्लब, राज्य सरकारांची विमाने आणि काही मोठ्या उद्योगांची विमाने. तिकडे जाणे म्हणजे पक्की सरकारी नोकरी सोडणे, आणि तशी नोकरी कोण सोडणार?

हे चित्र बदलले ते १९९० नंतर. या बदलाच्या कथेत एक मराठी नाव मध्यभागी आहे, माधवराव शिंदे यांचे. १९९१ ते १९९३ या काळात ते नागरी विमान वाहतूक मंत्री होते. राष्ट्रीयीकरणाचा कायदा अजून रद्द झालेला नव्हता, म्हणून नव्या खासगी कंपन्यांना ‘एअर टॅक्सी’ या नावाखाली उडण्याची मुभा मिळाली. म्हणजे ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट एअरवेज या कंपन्या कायद्याच्या भाषेत टॅक्सीवाल्याच होत्या! त्यांनी जास्त पगार देऊ केले आणि इंडियन एअरलाइन्सचे अनुभवी वैमानिक तिकडे जाऊ लागले.

डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. सरकारने उझबेकिस्तानातून कर्मचाऱ्यांसह विमाने भाड्याने आणली. त्यातले एक टुपोलेव्ह ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धुक्यात उतरताना कोसळले. सुदैवाने सर्व जण वाचले. तरीही शिंदे यांनी जबाबदारी स्वीकारून मंत्रिपद सोडले. पुढे १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाला आणि टॅक्सीवाल्यांना रीतसर विमान कंपन्या होण्याचा रस्ता मोकळा झाला.

या नव्या युगात पगार वाढले, तशी अनिश्चितताही वाढली. १९९०च्या दशकातल्या बहुतेक नव्या कंपन्या काही वर्षांतच बंद पडल्या. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज थांबली आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेले वैमानिक एका दिवसात रिकामे झाले. कोणी आखाती देशांत गेले, कोणी दुसऱ्या विमान कंपनीत, आणि काहींनी बिझनेस जेटची वाट धरली. नाइलाजाने गेले तसे स्वखुशीने गेलेलेही आहेत. त्याच त्या मार्गावर दिवसातून चार फेऱ्या मारण्याचा कंटाळा, निवृत्ती जवळ आलेली, लहान विमान हाताने उडवण्याची हौस, अशी त्यांची कारणे. आणि बाहेर पडणेही सोपे नाही. २०१७ मध्ये आलेल्या नियमाने विमान कंपनी सोडणाऱ्या कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना बंधनकारक केली.

तिकडे गेल्यावर हजारो तासांचा अनुभव असला, तरी नव्या विमानाचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर त्या विमानाची नोंद करून घ्यावी लागते. कंपनीत असताना हवामानाचा अहवाल, इंधनाचा हिशेब, मार्गाचा आराखडा तयार करून देणारा स्वतंत्र विभाग असतो. इथे त्यातले बरेचसे स्वतःच पाहावे लागते. उतरायची परवानगी आली का, तिथे इंधन मिळेल का, सामानाचे वजन किती, आणि साहेबांचा चहा-नाश्ता चढवला का, हेही! सकाळी सहाला तयार राहायचे आणि दुपारी तीनला फोन यायचा, ‘आज नाही, उद्या.’

त्यात आपल्यासारख्या जिल्ह्यातल्या धावपट्ट्या. मोठ्या विमानतळावर धुक्या-पावसात धावपट्टीपर्यंत नेणारी यंत्रणा असते. लहान धावपट्टीवर बहुधा डोळ्यांनी पाहूनच उतरायचे असते आणि त्यासाठी साधारण पाच किलोमीटरपर्यंतचे दिसले पाहिजे. दिवे नसतील तर सूर्यास्ताआधी निघालेच पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि उड्डाणासाठी जास्त लांब धावावे लागते. तेवढी धावपट्टी नसेल, तर एखादा माणूस किंवा काही सामान खाली ठेवावे लागते. आता सांगा, सभेला उशीर झालेल्या पुढाऱ्याला ‘साहेब, तुमच्यातला एक जण उतरवा’ असे कोणी सांगायचे?

या साऱ्या बदलाचे मर्म मला इथे दिसते. विमान कंपनीतला कॅप्टन ‘आज उतरता येणार नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे नियमांचे पुस्तक, कंपनीचा नियंत्रण कक्ष आणि वैमानिकांची संघटना उभी असते. प्रवासी कुरकुरतात आणि गप्प बसतात. खासगी विमानात नियम तेच असतात आणि अंतिम अधिकारही कॅप्टनचाच असतो. पण ज्याच्या मर्जीवर नोकरी, तो दोन हातांवर मागे बसलेला असतो.

३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेसाठी एका खासगी छोट्या विमानाने निघाले. खराब हवामानात मैनपुरीजवळ ते विमान कोसळले आणि आतले आठही जण गेले. ज्यांच्या मंत्रिपदाच्या काळात खासगी उड्डाणाचे दार उघडले, त्यांचाच असा अंत व्हावा! २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर पावसात नल्लमलाच्या जंगलात पडले. २५ मे २०१७ रोजी निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच खाली आले, सुदैवाने सारे सुखरूप राहिले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात आणि वैमानिकाला सरसकट दोष देणे अन्यायाचे. पण धावपळीच्या दौऱ्यांनी किती माणसे संकटात घातली, हे विसरता येत नाही.

आपल्या यवतमाळच्या विमानतळाची गोष्ट या इतिहासाला जोडूनच आहे. २००९ मध्ये राज्यातल्या आणखी चार विमानतळांसह तो एका खासगी उद्योगसमूहाला दीर्घ मुदतीने देण्यात आला. पण इथे नियमित प्रवासी सेवा काही रुजली नाही. म्हणजे आपल्या डोक्यावरून येणारे-जाणारे विमान बहुधा वेळापत्रकाबाहेरचेच. निवडणुकीत तर वणी, पुसद, पांढरकवडा, जिथे सभा तिथे तात्पुरते हेलिपॅड.

म्हणून श्रोत्यांना माझे एकच मागणे आहे. पुढारी सभेला दोन तास उशिरा आले किंवा हवामानामुळे आलेच नाहीत, तर मंडपात बसून बोटे मोडू नका. कदाचित कोण्या कॅप्टनने त्या दिवशी ‘नाही’ म्हटले असेल. जे. आर. डी. आणि व्हिन्सेंट यांच्या काळापासून चालत आलेली शिस्त त्याने वेळापत्रक नसतानाही पाळली असेल. त्या न झालेल्या उड्डाणाची बातमी कुठेच छापून येत नाही. निदान तुम्हा-आम्हाला तिची किंमत कळली, तर पुढच्या कॅप्टनला ‘नाही’ म्हणणे थोडे सोपे जाईल.