सातबाऱ्याबाहेरची शेतकरीण

महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीचा, म्हणजे केवळ पावसाच्या भरवशावर होणाऱ्या ज्वारी, बाजरी, कापूस आणि कडधान्यांच्या शेतीचा इतिहास मुख्यतः जमीन, सारा आणि कर्ज यांच्या कागदपत्रांवरून लिहिला गेला आहे, आणि म्हणूनच ज्या बाईने कोवळ्या वयात सासरच्या रानात पाऊल ठेवले व हातपाय चालत होते तोवर त्याच रानात राबत राहिली, तिचे दीर्घ आयुष्य त्यात फारसे उमटलेले नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत, म्हणजे सरकारने मध्यस्थाशिवाय थेट जमीनधारकाकडून सारा घेण्याची पद्धत, रूढ झाली. १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नव्याने पाहणी होऊन शेताला क्रमांक आणि खात्याला धनी मिळाला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची रीत आली आणि पुढे गाव नमुना ७, ज्यात मालकी व हक्क नोंदवतात, आणि गाव नमुना १२, ज्यात पिके नोंदवतात, हे दोन्ही मिळून आजचा सातबारा उतारा तयार झाला. सारा भरणारा तो खातेदार, आणि खातेदार बहुधा घरातला कर्ता पुरुष; त्यामुळे नमुना बारामध्ये ज्या पिकाची नोंद होई, त्याची निंदणी, कापणी आणि राखण करणारी बाई नमुना सातमध्ये मात्र क्वचितच सापडे.

मुलीचे लग्न लहानपणीच होई आणि न्हाण आल्यावर, म्हणजे ती वयात आल्यावर, तिला नांदायला पाठवत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले खरे, पण खेड्यात त्याचा अंमल कित्येक दशके नावापुरताच राहिला. सासरी आलेल्या सुनेचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. जात्याच्या वरच्या पाळूला बसवलेला लाकडी खुंटा एका किंवा समोरासमोर बसलेल्या दोघींनी ओढायचा, मधल्या तोंडात मूठमूठ धान्य वैरायचे आणि भोवती पडणारे पीठ गोळा करायचे, हे काम मोठ्या कुटुंबात प्रहरभर चाले. त्यानंतर पाणी, शेण, धारा, भाकऱ्या आणि मग डोक्यावर न्याहारीची पाटी घेऊन शेताची वाट. शेतातल्या कामांची वाटणी रूढीने ठरवलेली होती. नांगराला बाईने हात लावू नये असा दंडक बहुतेक भागांत पाळला जाई, आणि बैलांचा कासराही पुरुषाच्या हाती असे. परंतु खुरपणी, म्हणजे पिकातले तण खुरप्याने काढण्याचे काम, कापसाची वेचणी, शेंगा तोडणे, मळलेले धान्य वाऱ्यावर उपणणे ही कष्टाची आणि वेळखाऊ कामे जवळपास पूर्णपणे बायकांकडे होती. या वाटणीचा परिणाम दूरगामी ठरला, असे म्हणावे लागते, कारण नांगर धरणारा तोच शेतकरी ही समजूत गावात आणि कचेरीतही पक्की झाली व वाकून केलेले काम शेतकऱ्याच्या व्याख्येत बसलेच नाही.

बियाण्याचे ज्ञान हा या आयुष्याचा सर्वांत कमी दखल घेतला गेलेला भाग आहे. उभ्या पिकातून टपोरी, कीड न लागलेली कणसे हेरून ती वेगळी काढणे, उन्हात वाळवणे, कडधान्याच्या बियाण्यात राख मिसळणे, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत, म्हणजे शेणमातीने सारवलेल्या उंच टोपल्यात, ते भरणे आणि मृगाच्या पावसापर्यंत, घरात दाणा उरला नसला तरी, त्याला हात न लावणे, ही सगळी जबाबदारी घरातल्या जाणत्या बाईची असे. संकरित बियाण्याची पिशवी बाजारातून येऊ लागण्यापूर्वी पुढच्या हंगामाची शेती अक्षरशः तिच्या माजघरात साठवलेली होती, आणि दुष्काळी वर्षात उपाशी मुलांपासूनही ते बियाणे राखून ठेवण्यासाठी लागणारा मनाचा कणखरपणा कुठल्याही हिशेबवहीत मांडलेला नाही.

आईपण याच कामांच्या मध्ये सामावले जाई. पहिले बाळंतपण माहेरी, गावच्या सुईणीच्या हाती होई, आणि पुढची बाळंतपणे पुष्कळदा कामाच्या हंगामातच येत. तान्ह्या मुलाला बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून निजवायचे, रडले की पाजून पुन्हा ओळीत जाऊन बसायचे, आणि जरा मोठ्या मुलीवर धाकट्याला सोपवायचे, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालला. त्यात मुलीचे बालपणच नव्हे तर तिची शाळाही गेली, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. वय वाढत गेले की या बाईचा घरातला अधिकार मात्र वाढे. सासू झाल्यावर धान्याच्या किल्ल्या, देणेघेणे, सुनांच्या कामाची वाटणी आणि सोयरिकीचा सल्ला तिच्याकडे येई. हा अधिकार खरा होता, पण तो घरातील नात्यांवर अवलंबून होता. नवरा वारल्यावर तो कितपत टिकेल, हे मुलगे आणि दीर यांच्या मर्जीवर ठरे.

तिच्या कष्टांची दखल ज्यांनी प्रथम गंभीरपणे घेतली, त्यांत जोतीराव फुले यांचे स्थान मोठे आहे. ‘कुळंबीण’ या त्यांच्या रचनेत शेतकरी स्त्रीचे राबणे हाच विषय आहे. मात्र तिने स्वतः केलेली नोंद वेगळ्याच जागी आहे. जात्यावरच्या ओव्यांत माहेर, भाऊ, लेकरू, पाऊस, सासुरवास आणि विठ्ठल हे सारे तिने स्वतःच्या शब्दांत मांडले. विजेवरच्या गिरण्या गावोगावी पोहोचून जाती थंडावत असताना हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ही मराठी समाजेतिहासाची फार मोठी सेवा आहे. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, तरुणपणी वैधव्य आले, तरी घर, शेत आणि मुले सांभाळत त्या गाणी रचत राहिल्या. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, पुढच्या वर्षी, कवी असलेले पुत्र सोपानदेव यांच्या प्रयत्नाने ती ग्रंथरूपात आली. त्यांच्यासारख्या किती जणींची गाणी लिहून घेणारा मुलगा घरात नव्हता, याचा विचार प्रत्येक अभ्यासकाने करावा.

कायद्याची वाटचाल फार संथ झाली. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क, म्हणजे हयातीपुरता उपभोगाचा हक्क, दिला. परंतु शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय असल्याने तो कायदा तिला लागू होत नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये ठरवले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला पूर्ण मालकीचा वाटा मिळाला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील समान भागीदार, मानले. या सर्व सुधारणा महत्त्वाच्या आहेत, पण त्यांत मुलगी आणि विधवा दिसते; ज्या नात्याने बाई चाळीस-पन्नास वर्षे शेतात राबते त्या पत्नीच्या नात्याला नवऱ्याच्या हयातीत जमिनीवर कोणताच हक्क मिळालेला नाही. जनगणनेतही १९९१ मध्ये कुटुंबाच्या शेतातील बिनमोबदला कामाचा उल्लेख प्रश्नातच स्पष्टपणे करावा लागला, कारण तोवर असे काम करणारी असंख्य बायामाणसे ‘काम न करणाऱ्यां’त गणली जात. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के भरले.

या उणिवेवर नेमके बोट ठेवले ते शेतकरी संघटनेने. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला तिचे शेतकरी महिला अधिवेशन भरले, आणि त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला: शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावावर करावा. देशाकडे घामाचा दाम मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचे देणे फेडावे, हा संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांचा युक्तिवाद सरळ आणि बिनतोड होता, आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावांनी तो प्रत्यक्षात आणूनही दाखवला. त्याच नावाच्या राज्य शासनाच्या १९९२ च्या परिपत्रकाप्रमाणे पती हयात असतानाच, त्याच्या अर्जावरून, पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावता येते. तरतूद जुनी असूनही ती माहीत असलेली कुटुंबे थोडी आहेत. ज्या वाचकांच्या घरी किंवा गावी शेतजमीन आहे, त्यांनी तलाठ्याकडे चौकशी करून हा अर्ज आई आणि पत्नी हयात असतानाच करावा.