खेळण्यांतील सैनिक व त्यांचे संग्राहक

१. जुनीं दप्तरें, सनदा, बखरी व पोथ्या यांच्या शोधाला वाहिलेल्या या पृष्ठांत खेळण्यांविषयीं लेख यावा हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. तसें वाटण्यांत त्यांचा दोष नाहीं; दोन वर्षांपूर्वीं आमचेंही मत तेंच होतें. नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहणारा आमचा एक भाचा, वय पन्नाशीच्या आसपास, शिशाचे, जस्ताचे व प्लास्टिकचे सैनिक, रणगाडे व लष्करी मोटारी जमवितो. सुटींत पुण्यास आला असतां त्यानें आपल्या संग्रहाची यादी आम्हांस दाखविली, तेव्हां "अजून बाळपण सरलें नाहीं वाटतें" असें म्हणून आम्हीं त्यास हिणविलें. त्यानें वाद घातला नाहीं. यादी मात्र आमच्यापुढें ठेवून गेला. रात्रीं ती सहज चाळतां आम्ही चकित झालों. वस्तु कोणत्या साच्याची, कोणत्या वर्षीं घडली असावी, त्या निर्णयास प्रमाण काय, ती कोणाकडून मिळाली, तिचा कोणता भाग मूळचा व कोणता मागाहून बसविलेला, अशीं सदरें प्रत्येक वस्तूपुढें होतीं. चाळीस वर्षें पोथ्या जमवूनही आमच्या स्वतःच्या यादींत इतकी शिस्त नाहीं, ही कबुली येथें दिलीच पाहिजे. त्या यादीवरून व पुढें केलेल्या वाचनावरून जें हातीं लागलें तें जिज्ञासूंस सादर करितों.

२. विषय क्षुद्र नव्हे हें प्रथम सांगणें अवश्य आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' प्रकरणास नांव मिळालें तें चारुदत्तावरून किंवा वसंतसेनेवरून नव्हे, तर बाळ रोहसेनाच्या मातीच्या गाड्यावरून. आणि त्या गाड्यांत वसंतसेनेनें घातलेले अलंकारच पुढें न्यायसभेंत चारुदत्तावर उलटतात. ईजिप्तमध्यें अस्यूत येथें मेसेहती नामक अधिकाऱ्याच्या थडग्यांत चाळीस चाळीस लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या निघाल्या. त्या सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या आहेत. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं ब्राँझचा रथ सांपडला; त्याला बैलांची जोडी असून सारथी उभा आहे. परंतु ईजिप्तचे सैनिक मृताच्या परलोकींच्या सोयीसाठीं ठेवलेले होते, आणि दायमाबादचा रथ धार्मिक विधींतील असावा असेंही मत विद्वानांनीं मांडलें आहे. लहान आकाराची प्रत्येक वस्तु खेळणें नव्हे, हा या क्षेत्रांतील पहिला धडा होय. असो. येथें आपणांस विचार करावयाचा आहे तो खेळण्यासाठींच घडविलेल्या व कारखान्यांतून निघालेल्या सैन्याचा.

३. या सैन्याच्या इतिहासांत १८९३ हें साल महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं लंडनच्या धाकट्या विल्यम ब्रिटन यांनीं पोकळ ओतकामाची रीत प्रचारांत आणिली. साच्यांत शिशाचा रस ओतला म्हणजे साच्यास लागलेला थर तत्काळ थिजतो. आंतील रस लगेच ओतून काढला कीं पोकळ सैनिक तयार होतो. धातु थोडी लागते, वजन व वाहतूक कमी होते, आणि भरीव जर्मन सैनिकांपेक्षां किंमत उतरते. उंची साधारण ५४ मिलिमीटर ठरली व तेंच माप पुढें बहुतेकांनीं स्वीकारिलें. प्रत्येक तुकडीची निराळी पेटी, पेटीस क्रमांक व झांकणावर पलटणीच्या नांवाचें लेबल, अशी पद्धत होती. हें लेबल म्हणजे आपल्या पोथीची पुष्पिकाच म्हणावयाची.

उदाहरणार्थ, ६६ व्या क्रमांकाच्या पेटींत मुंबई इलाख्याच्या पहिल्या लान्सर्स रिसाल्याचे स्वार असत. किचनेर यांच्या व्यवस्थेप्रमाणें १९०३ सालीं या रिसाल्यास ३१ वा क्रमांक मिळाला, आणि १९२२ च्या सुमाराच्या पुनर्रचनेंत ३२ व्या रिसाल्याशीं तो एक होऊन त्याचा क्रमांक १३ झाला. ब्रिटन यांच्या पेटीचा क्रमांक ६६ च राहिला; लेबलावर मात्र पुढें १३ वा रिसाला असें छापूं लागले. सबब तसें लेबल असलेली पेटी पुनर्रचनेपूर्वींची असूं शकत नाहीं. येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लेबल काळ सांगतें तो पेटीचा; आंतील स्वार दुसऱ्या पेटींतून आणून भरलेले असूं शकतात. एका पोथीचीं पानें दुसऱ्या पोथीच्या फळ्यांत बांधलेलीं आपण पाहतों, त्यांतलाच हा प्रकार.

६८ व्या पेटींत मुंबईची दुसरी देशी पायदळ पलटण आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हें नांव परकें नाहीं. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या सैन्याशीं लढलेल्या पलटणीलाच पुढें १८२४ सालीं हा क्रमांक मिळाला. त्या लढाईनंतर पाऊणशे वर्षांनीं तिचे शिपाई लंडनच्या बाजारांत पेटींतून विकले जाऊं लागले. साम्राज्य आपल्या मुलांस कोणता इतिहास व कसा शिकवीत होतें, याला याहून बोलका पुरावा दप्तरांत मिळणें कठीण.

प्रौढांनीं या सैनिकांत लक्ष घालणें हेंही नवीन नाहीं. एच. जी. वेल्स या ग्रंथकारानें १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून या सैन्याच्या लुटुपुटीच्या लढाईचे नियमच बांधून दिले. पुढच्याच वर्षीं खरें महायुद्ध पेटलें. १९३५ सालीं संग्राहकांची ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी स्थापन झाली.

४. आतां भाच्याच्या मुख्य संग्रहाकडे वळूं. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत पॉटकेट गांवीं असलेल्या हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं 'जी. आय. जो' नांवाचा, सुमारें बारा इंच उंचीचा, सांधे हलणारा व कपडे बदलतां येणारा सैनिक विक्रीस काढला. मुलगे बाहुलीशीं खेळणार नाहींत या भीतीनें कंपनीनें 'बाहुली' हा शब्दच वर्ज्य केला आणि 'ॲक्शन फिगर' ही नवी संज्ञा प्रचारांत आणिली. पुढें जकातीच्या वादांत १९८९ सालीं अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयानें, जकातीपुरत्या तरी या बाहुल्याच आहेत, असा निर्णय दिला. शब्दार्थाचा निर्णय जकातीच्या दराच्या निमित्तानें व्हावा ही मौज नैयायिकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

या सैनिकाच्या कमरेखालीं मागील बाजूस १९६४ हें साल व कंपनीचें नांव उठविलेलें आहे. नवशिका तें पाहून वस्तु १९६४ ची असें ठरवितो व फसतो. तें साल हक्कनोंदणीचें आहे, घडणीचें नव्हे; पुढील वर्षांच्या सैनिकांवरही तें तसेंच उतरत गेलें. मूळ पोथीचा शक नकलकारानें जसाच्या तसा उतरावा व आपला शक लिहूं नये, तशीच ही स्थिति. मग निर्णय कशानें करावयाचा? सांध्यांच्या रचनेचें पेटंट ऑक्टोबर १९६६ मध्यें मंजूर झालें. तत्पूर्वींच्या सैनिकांवर पेटंट प्रलंबित असल्याची नोंद आहे. नंतरच्यांवर ३२७७६०२ हा पेटंटाचा क्रमांक आहे. ज्यावर हा क्रमांक आहे तो सैनिक, बाकी अक्षरें कांहींही सांगोत, त्या महिन्यापूर्वींचा नव्हे. ग्रंथांत उल्लेखिलेल्या घटनेवरून ग्रंथाची पूर्वमर्यादा ठरवावयाची ही जी आपली नित्याची रीत, तिच्याहून ही रेसभरही निराळी नाहीं.

दुसरी खूण याहून मौजेची आहे. या सैनिकाच्या उजव्या हाताच्या आंगठ्याचें नख आंतल्या बाजूस कोरलें गेलें आहे. ही चूक साच्यांत तशीच राहिली आणि नक्कल करणाऱ्यांस ओळखण्यास उपयोगी पडली; कारण जो मूळ सैनिकावरून सांचा घेईल त्याच्या सैनिकाच्या आंगठ्यासही तें उलटें नख येणार. दोन पोथ्यांत एकच प्रमाद आढळला तर त्या एका कुळांतल्या, असें आपण मानतों. बरोबर पाठ सर्वत्र सारखाच असतो, कुळ सांगतो तो चुकीचा पाठ. खेळण्यांच्या संग्राहकांनीं हें तत्त्व स्वतंत्रपणें शोधलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

५. १९८२ सालीं कंपनीनें हाच सैनिक पावणेचार इंचांच्या लहान आकारांत काढला. त्यामुळें त्याला बसविण्यास रणगाडे, जीप व विमानें हीं वाहनेंही करणें परवडूं लागलें. पहिल्या वर्षीं या सैनिकांचा हात कोपराजवळ फक्त वांकत असे. १९८३ पासून तो दंडापाशीं फिरूंही लागला. पहिल्या वर्षींचे तेच सैनिक नव्या हातांनीं पुन्हां निघाले, म्हणून हात फिरवून पाहिला कीं एका वर्षाचा भेद कळतो.

हे साचे एका देशांत स्थिर राहिले नाहींत. ब्राझीलमध्यें एस्त्रेला कंपनीनें हे सैनिक काढले. हिंदुस्थानांत, जिचा एक कारखाना गोव्यांत आहे त्या फनस्कूल कंपनीनें काढले. सांचा मूळचा, पण रंग येथले. तिकडे हिरवा असलेला गणवेष इकडे निराळ्याच रंगाचा, अशीं उदाहरणें पुष्कळ आहेत. ज्या वस्तु आपल्याकडील मुलांनीं तोडून मोडून फेंकून दिल्या, त्या आज परदेशीय संग्राहक शोधीत असतात, कारण त्यांच्या मतें ही मूळ ग्रंथाची एक स्वतंत्र शाखा आहे. येथील प्रतींची नोंद येथें कोणी ठेवली नाहीं. ती तिकडे झाली. संस्कृत पोथ्यांच्या बाबतींत हाच प्रकार पूर्वीं घडला आहे, हें सांगावयास नको.

६. पोथीस वाळवी व कसर, तसे या वस्तूंचेही शत्रु आहेत. शिशाचे सैनिक ओक लांकडाच्या कपाटांत ठेवले तर त्या लांकडांतून निघणाऱ्या आम्ल वाफेनें त्यांवर पांढरी भुकटी चढते व ते हळूहळू झिजतात. शोभेचें उंची कपाटच घातक ठरतें. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या 'डिंकी' मोटारी व रणगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे असत. १९३० नंतरच्या दशकांतील कित्येक नगांत त्या धातूमध्यें शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेला. तेवढ्यानें धातु आंतून फुगते, तडकते व शेवटीं हातांत चुरा होते. शाईनें कागद खाल्ला म्हणजे जसा उपाय उरत नाहीं तसेंच येथेंही. १९८२ च्या लहान सैनिकांचें धड व पाय एका रबरी कड्यानें जोडलेले असतात. तें कडें कालांतरानें तुटतें. नवें घालतां येतें, पण घातल्याची नोंद केली पाहिजे, असा भाच्याचा नियम आहे. पोथीस नवा दोरा ओंवून तो जुना म्हणून दाखविणारे गृहस्थ आम्हांस माहीत आहेत. त्यांनीं हा नियम घ्यावा.

७. या छंदांत हव्यास नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. वेष्टण न फोडलेल्या खेळण्यास फोडलेल्याच्या कित्येक पट किंमत येते. म्हणजे ज्याच्याशीं कोणीही मूल कधीं खेळलें नाहीं तें खेळणें सर्वांत मोलाचें. न वाचलेली पोथी अधिक किमतीची म्हणावी तसेंच हें. किंमत वाढली कीं बनावटही आलीच. नव्यानें छापलेलीं लेबलें व पेट्या जुन्या म्हणून खपविल्या जातात. परंतु तेवढ्यावरून सर्व संग्राहकांस नांवें ठेवणें न्याय्य होणार नाहीं. ॲन ब्राऊन या अमेरिकन विदुषींनीं १९३० सालीं लग्नानंतरच्या यूरोपच्या प्रवासांत खेळण्यांतील सैनिक घेण्यास प्रारंभ केला. त्यांचे गणवेष खरे आहेत कीं नाहींत हें पडताळण्यासाठीं त्या जुनीं चित्रें व ग्रंथ जमवूं लागल्या. त्यांतून लष्करी इतिहासाचा जो प्रचंड संग्रह झाला तो आज ब्राऊन विद्यापीठांत संशोधकांस खुला असून ते पांच हजारांहून अधिक सैनिकही तेथें आहेत. खेळण्याकडून प्रश्नाकडे व प्रश्नाकडून ग्रंथाकडे, असा हा मार्ग आहे.

८. शेवटीं आमच्या स्वतःच्या अपराधाविषयीं. मातोश्रींच्या निधनानंतर वाड्याचा माळा उपसतांना एक पत्र्याची पेटी निघाली. तींत दिवाळींतल्या किल्ल्यावर मांडावयाचीं मातीचीं चित्रें होतीं: मावळे, दोन घोडेस्वार, एक गवळण, एक वाघ व एक लहान तोफ. प्रत्येक चित्र जुन्या कागदांत गुंडाळलेलें होतें. कागद मोडी असल्याचें पाहतांच आम्हीं ते जपून उलगडले, झटकले व लावून ठेवले. ते वाण्याच्या उधारीचे निघाले. मित्या शके १८६१ ते १८६३ मधील. चित्रें रंग उडालेलीं, कांहीं भंगलेलीं. तीं केरांत गेलीं. कोणत्या कागदांत कोणतें चित्र होतें हें आम्हीं लिहून ठेविलें नाहीं. उधारीचे तसले कागद पुण्यांत गाडीभर मिळतील. पण निदान शके १८६१ नंतर गुंडाळून ठेवलेलीं, एवढी तरी पूर्वमर्यादा ठरलेलीं किल्ल्याचीं चित्रें आम्हीं अन्यत्र पाहिलीं नाहींत, आणि जीं हातीं होतीं तीं आम्हींच टाकलीं.

तोफ तेवढी कागदांवर वजन म्हणून मेजावर राहिली होती. भाच्याच्या यादीच्या धर्तीवर आम्हीं नवी यादी आरंभिली असून तींत ती पहिली आहे. 'घडणीचें वर्ष' या सदरांत अज्ञात असें लिहिलें आहे, आणि 'प्रमाण' या सदरांत, होतें, आम्हीं नष्ट केलें, असें.

वाचकांस विनंति इतकीच कीं, ज्यांच्या घरीं माळ्यावर, फडताळांत किंवा देवघराखालीं अशीं चित्रें असतील त्यांनीं तीं धुऊं नयेत, रंगवूं नयेत व वेष्टणापासून वेगळीं करूं नयेत. तीं कोठें घेतलीं, कोणत्या कुंभारानें केलीं, हातानें घडविलीं कीं सांचांत काढलीं, भाजलेलीं आहेत कीं कच्चीं, हें घरांतील वृद्धांस विचारून लिहून ठेवावें. आमच्या लहानपणीं किल्ल्याच्या पायथ्याशीं मावळ्यांच्या शेजारीं प्लास्टिकचा हिरवा बंदूकवाला शिपाई व एखादा रणगाडाही उभा असे. तोही टाकूं नये, कारण तोही त्या किल्ल्याच्या इतिहासाचा भाग आहे. सांगणारीं माणसें फार दिवस राहणार नाहींत.