अक्षम्य पातक आणि इ. स. २५० चे यज्ञदाखले

ख्रिस्ती शास्त्रांत ज्यास क्षमा नाहीं असें पातक सांगितलें आहे, तें पवित्र आत्म्याची निंदा हें होय. येशू भूतें काढतो तीं सैतानाच्या बळानें, असें म्हणणारांस उद्देशून तें वचन आलें आहे. तिसऱ्या शतकांत मंडळीपुढें जो वाद माजला तो मात्र निराळा : छळाच्या भयानें ज्यानें श्रद्धा सोडली त्यास परत घ्यावें कीं नाहीं? हे दोन्ही प्रश्न पुष्कळदां एकच समजले जातात. ते कसे भिन्न आहेत हें तत्कालीन कागदांच्या आधारें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

रोमन बादशहा डेशियस (इ. स. २४९–२५१) यानें सर्व प्रजेनें देवतांस बलि अर्पावा असें फर्माविलें. या हुकुमाच्या अंमलाचे चाळिसांहून अधिक अस्सल दाखले मिसर देशांत पपायरसवर लिहिलेले सांपडले आहेत. पहिला १८९३ सालीं क्रेब्स यानें प्रसिद्ध केला. तो डायोजिनीस नांवाच्या बहात्तर वर्षांच्या गृहस्थाचा असून त्याच्या उजव्या भिंवईवर वण असल्याची नोंद त्यांत आहे. सर्वांचा मसुदा बहुतेक एकच : मी नेहमीं देवांस भजत आलों, आतां आपणांसमक्ष तर्पण केलें, बलि दिला व नैवेद्य चाखला, तरी साक्ष घालावी. खालीं अधिकाऱ्यांची सही व मिति. यांपैकीं एक दाखला मगररूपी देवतेच्या पुजारिणीचा आहे. अर्थात् दाखला घेणारा प्रत्येक जण ख्रिस्तीच होता असें अनुमान काढतां येत नाहीं.

आतां दुसरें साधन पहावें. कार्थेजचा धर्माध्यक्ष सिप्रियन याच्या पत्रांवरून व पतितांविषयींच्या त्याच्या ग्रंथावरून असें कळतें कीं, कित्येकांनीं बलि न देतां केवळ पैसे भरून दाखला मिळविला होता. म्हणजे कागद अस्सल, सही अस्सल. परंतु मजकूर खोटा! म्हणूनच मंडळीनें बलि देणारे, धूप जाळणारे व नुसता दाखला घेणारे असे भेद केले. आपल्याकडे देवलस्मृतींत म्लेंच्छांच्या हातीं सांपडलेल्यास तेथें राहिल्याच्या कालमानाप्रमाणें शुद्धि सांगितली आहे; येथें कृत्याचें मान पाहिलें गेलें, इतकाच फरक.

त्यांत आणखी एक गुंता होता. बंदींत छळ सोसणारे कांहीं साक्षीदार पतितांस क्षमेचीं शिफारसपत्रें देऊं लागले. एखाद्या पत्रांत माणसाचें नांव घालून पुढें ‘व त्याचे लोक’ असा मोघम मजकूर असे. पत्रावरून सरसकट क्षमा देण्यास सिप्रियननें हरकत घेतली. इ. स. २५१ च्या कार्थेज येथील परिषदेनें ठरविलें कीं, नुसता दाखला घेणारांस ज्याची त्याची चौकशी करून परत घ्यावें. बलि देणारांनीं दीर्घ प्रायश्चित्त करावें व अंतकाळीं त्यांस क्षमा मिळावी. इ. स. २५३ च्या सुमारास पुन्हा छळाचीं चिन्हें दिसतांच ही अटही शिथिल झाली.

रोममध्यें नोवेशियननें उलट पक्ष घेतला. त्याचें म्हणणें, देवास वाटल्यास तो क्षमा करील. मंडळीस मात्र तो अधिकार नाहीं. त्याच्याही पूर्वीं टर्टुलियननें मूर्तिपूजा, व्यभिचार व मनुष्यवध हीं मंडळीच्या क्षमेपलीकडचीं मानिलीं होतीं. तेव्हां वादाचा विषय देवाच्या दयेची सीमा हा नसून मंडळीच्या अधिकाराची सीमा हा होता, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. इ. स. ३२५ च्या निसिया परिषदेनें नोवेशियनपंथी पुरोहितांस स्वीकारण्याची वाट ठेविली; परंतु पतितांशीं सहभाग ठेवूं असें त्यांनीं लेखी द्यावें, ही अट घातली.

मूळच्या अक्षम्य पातकाचा अर्थ पुढें ऑगस्टिननें लाविला तो असा : मरेपर्यंत पश्चात्ताप न करणारें कठोर मन हेंच तें. ज्यास क्षमा हवी आहे त्याच्या हातून तें घडलेंच नाहीं, असा याचा फलितार्थ निघतो.

कागद जमविणारांनीं यावरून एक गोष्ट ध्यानांत धरावी. दाखल्याचा अस्सलपणा अक्षरावरून व मितीवरून ठरतो, त्यांतील कथनाची सत्यता त्यावरून ठरत नाहीं; आणि लिहून घेणाराच्या मनांत त्या वेळीं काय होतें हें तर कोणताच दाखला सांगत नाहीं. कार्थेजच्या परिषदेनें ज्याची त्याची चौकशी करावी असें ठरविलें, त्याचें महत्त्व यावरून कळतें.