लोकमताचे पंचांग

ऑस्ट्रेलियांत लोकमत मोजण्याचा उद्योग रॉय मॉर्गन यांनीं १९४१ सालीं आरंभिला. पुढें १९८५ पासून निघूं लागलेले ‘न्यूजपोल’चे आंकडे तेथील पक्षांस पंचांगासारखे वाटूं लागले. पंचांग पाहून मुहूर्त धरावा, तसा आंकडे पाहून नेता बदलावा! सप्टेंबर २०१५ मध्यें माल्कम टर्नबुल यांनीं पंतप्रधान टोनी ॲबट यांस आव्हान दिलें, तें लागोपाठ ३० कौलांत पक्ष मागें पडल्याचें कारण पुढें करून. दैवाची थट्टा अशी कीं, एप्रिल २०१८ मध्यें टर्नबुल यांच्याही वांट्यास तिसावा प्रतिकूल कौल आला, आणि ऑगस्टांत त्यांच्या जागीं स्कॉट मॉरिसन बसले.

१८ मे २०१९ च्या निवडणुकीपूर्वीं शेवटच्या न्यूजपोलनें, पसंतिक्रम दोन बाजूंत वांटून, मजूर पक्षास ५१.५ टक्के मतें दिलीं होतीं. प्रत्यक्षांत जवळजवळ तितकींच मतें मॉरिसन यांच्या आघाडीस पडलीं. कौल घेणाऱ्या साऱ्याच संस्था एका बाजूस चुकल्या, हें अधिक चिंत्य होय. चुका निव्वळ दैवगतीच्या असत्या तर त्या दोहों बाजूंस विखुरल्या असत्या. निवडलेले नमुने सर्व मतदारांचे खरे प्रतिनिधी नव्हते, असें मागाहून चौकशींत ठरलें. एक आंकडा मात्र उघड्यावर पडलेला होता. पंतप्रधान म्हणून कोण बरा, या प्रश्नांत मजूर नेते बिल शॉर्टन मॉरिसन यांच्या मागेंच राहिले होते. परंतु हा प्रश्न पदस्थास बहुधा झुकतें माप देतो; म्हणून त्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं.