नॅशची नऊ घरकुले

ब्रिस्टलला गेलेली आपली मंडळी बहुधा आर्नोस व्हेल येथील राजा राममोहन रॉय यांच्या समाधीचे दर्शन घेऊन परततात. हाताशी आणखी तासभर असेल, तर शहराच्या वायव्येला हेन्बरीतील ‘ब्लेझ हॅम्लेट’ अवश्य पाहावे, असे मी सुचवेन.

जॉन स्कँड्रेट हार्फर्ड या क्वेकर पंथाच्या सावकाराने १७८९ मध्ये ब्लेझ कॅसल इस्टेट विकत घेतली. पुढे इस्टेटीवरील म्हाताऱ्या नोकरांसाठी घरे बांधण्याचे काम त्याने जॉन नॅशवर सोपवले. लंडनची रीजंट स्ट्रीट आणि ब्रायटनचा हिंदुस्थानी घुमटांचा राजवाडा नंतर घडवणारा हाच तो नॅश! जॉर्ज रेप्टनच्या मदतीने त्याने १८१०-११ च्या सुमारास इथे नऊ कॉटेजेस उभारली.

मधोमध हिरवळ, तिच्यावर पाण्याचा पंप आणि सूर्यघड्याळ, भोवती घरे. पण एक घर दुसऱ्यासारखे नाही. काहींची छपरे गवताने शाकारलेली, काहींवर दगडी फरश्या. भिंती ओबडधोबड दगडांच्या, त्यावर विटांची उंच, नक्षीदार धुराडी. आकाराने घरे लहानच. दाराशी मात्र छोटी पडवी, बसायला बाक.

या घरांचे मोल कळायला डॉर्सेटमधील मिल्टन ॲबस आठवावे. आपल्या वाड्यासमोरचे दृश्य बिघडते म्हणून लॉर्ड मिल्टनने तिथले अख्खे गावच पाडले आणि १७८० च्या सुमारास दूर, नजरेआड, एकाच साच्याची घरे बांधून लोकांना तिकडे हलवले. हार्फर्ड-नॅश जोडीने गरिबाचे घर लपवले नाही. प्रत्येकाला वेगळा चेहरा दिला.

तरीही मला एक गोष्ट खटकते. हे सौंदर्य राहणाऱ्यांनी निवडलेले नव्हते. ‘पिक्चरेस्क’ म्हणजे चित्रासारखे दिसण्याची तेव्हा फॅशन होती, आणि थकलेले नोकरही त्या चित्राचा भाग झाले. इथे औदार्य आणि हौस यांची गाठ इतकी घट्ट बसली आहे की ती सोडवता येत नाही. पण उतारवयात डोक्यावर छप्पर मिळाले, हे त्या काळी थोडे नव्हते.

१९४३ पासून ही वाडी नॅशनल ट्रस्टकडे आहे. घरांत आजही भाडेकरू राहतात, त्यामुळे आत जाता येत नाही. हिरवळीवरून डोळे भरून पाहावे. खिडकीतून डोकावणे मात्र टाळावे. दोनशे वर्षे लोकांनी पाहत राहावे अशा घरात राहणाऱ्यांना तेवढा आडोसा हवाच!